'व्हिटिस' म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षाच्या लेखात, क्रीमच्या डबीवर, रोमन इतिहासात, बायबलच्या लॅटिन ओळीत, अगदी इटलीतल्या हार्डवेअरच्या दुकानात सुद्धा हा शब्द भेटतो आणि दरवेळी अर्थ वेगळा निघतो. लोक गोंधळतात ते साहजिक आहे. माझं म्हणणं एवढंच की हा मुळात शेतकऱ्याचा शब्द आहे, आणि बागेतून बघितलं की त्याचे सगळे अर्थ आपोआप जुळतात.

व्हिटिस म्हणजे द्राक्ष ना?

नाही, द्राक्षाची वेल. लॅटिनमध्ये फळाला उवा म्हणतात, वाईनला विनुम, घडाला रासेमुस, बागेला विनेआ, फळ धरणाऱ्या काडीला पाल्मेस, पानांसकट आलेल्या कोवळ्या फुटीला पाम्पिनुस आणि आधाराला गुंडाळणाऱ्या तणाव्याला क्लाविकुला. आपल्याकडे बागाईतदार जसं ओलांडा, काडी, बगलफूट, बाळी असं प्रत्येक भागाला वेगळं नाव देतो तसंच ते, ज्याला रोज त्यात हात घालायचा असतो त्याला नुसतं 'वेल' म्हणून भागत नाही. व्हिटिस म्हणजे खोडापासून शेंड्यापर्यंतची अख्खी वेल.

उच्चार कोणता बरोबर?

प्राचीन रोमन लोक 'वीतिस'च्या जवळपास काहीतरी म्हणत असणार, पहिला स्वर दीर्घ आणि व आपल्या मराठी व सारखा. इंग्रजी माध्यमातून शिकलेले बॉटनीवाले व्हायटिस म्हणतात, आपल्याकडच्या लिखाणात व्हिटिस रुळलंय. तिन्ही चालतात, भांडू नका. मी इथे व्हिटिसच लिहिणार आहे.

वेल आणि व्हिटिस ऐकायला जवळचे वाटतात, नातं आहे का?

वेलीशी नाही. आपली वेल संस्कृत वल्लीच्या घराण्यातली. व्हिटिसचं मूळ पिळणे, वळणे, गुंडाळणे या अर्थाचं आहे, लॅटिनमध्ये त्याच कुळातलं क्रियापद आहे विएरे, म्हणजे वेत-फांद्या वळवून विणणे, टोपलीबिपली करतात तसं. भाषाशास्त्रवाले संस्कृतमधला वेतस सुद्धा याच कुळात धरतात. म्हणजे नातं जोडायचंच असेल तर ते वेलीशी नाही, वेताशी जोडा, आणि पुढचं उत्तर वाचलंत की हे फार चपखल वाटेल.

रोमन सैन्यात व्हिटिस म्हणजे काठी, हे खरं का?

खरं आहे, आणि मला या शब्दाचा हा अर्थ सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो. रोमन सैन्यात साधारण ऐंशी माणसांच्या तुकडीवर एक सेंच्युरियन असायचा आणि त्याच्या हातात द्राक्षवेलीच्या खोडाची काठी असायची. तिला वेगळं नाव नव्हतं, काठीलाच व्हिटिस म्हणायचे. शिपायाने चूक केली की ती पाठीवर पडायची, पण ती नुसती मारायची काठी नव्हती तर अधिकाराची खूण होती, इतकी की 'व्हिटिससाठी अर्ज कर' म्हणजे सेंच्युरियनच्या पदासाठी अर्ज कर असा सरळ अर्थ होता, कवी जुव्हेनालने तो शब्द तसाच वापरलाय.

यात मानापमानाची पण भानगड होती. इ.स.पू. १३४ मध्ये रोमन सेनापती स्किपिओ स्पेनमध्ये नुमान्तियाच्या वेढ्यावर गेला तेव्हा सैन्याची शिस्त पार ढासळलेली होती, त्याने कडक नियम लावले. रांग सोडून सापडलेला शिपाई रोमन नागरिक असेल तर त्याला द्राक्षवेलीच्या काठीने मारायचं आणि परका असेल तर दुसऱ्या साध्या काठीने. मार तोच, पण काठी वेगळी. पुढे रोमन लेखक थोरला प्लिनी पण म्हणतो की ही काठी शिक्षेला सुद्धा मान देते. मार खाणाऱ्याला त्याचं किती समाधान असेल कोण जाणे, पण रोमन माणसाच्या डोक्यात द्राक्षवेलीचं स्थान केवढं वर होतं ते यातून कळतं.

आणि मग लुसिलिअसची गोष्ट. इ.स. १४ मध्ये सम्राट ऑगस्टस गेला आणि पॅनोनियातल्या, म्हणजे आजच्या हंगेरी-क्रोएशियाच्या भागातल्या सैन्याने बंड केलं. त्यात लुसिलिअस नावाचा एक सेंच्युरियन मारला गेला. शिपायांनी त्याचं टोपणनाव ठेवलं होतं 'केदो आल्तेराम', म्हणजे 'दुसरी आण'. कारण शिपायाच्या पाठीवर एक काठी मोडली की तो ओरडून दुसरी मागायचा, ती मोडली की आणखी एक. हे इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय. आपल्याकडे छडीच्या जोरावर शिकलेल्या पिढीला हे टोपणनाव समजावून सांगायची गरज पडणार नाही.

ती काठी प्रत्यक्ष बघायला मिळते का?

दगडात कोरलेली मिळते. जर्मनीत झान्टेनला सापडलेला मार्कुस काएलिउस या सेंच्युरियनचा स्मृतिदगड आता बॉनच्या म्युझियममध्ये आहे. तो इ.स. ९ मध्ये वारुसच्या लढाईत पडला, ज्या लढाईत रोमची तीन लीजन, म्हणजे मोठी सैन्यदलं, जंगलात कापली गेली, आणि त्याची हाडं सापडली तर इथे ठेवावीत असं भावाने त्या दगडावर कोरून घेतलंय. छातीवर पदकं आणि हातात व्हिटिस.

विनेआ म्हणजे बाग, मग सीझरच्या लढाईत 'विनेआ पुढे सरकवले' असं का येतं?

कारण विनेआ हे वेढ्याचं एक साधन पण होतं. हलक्या लाकडाची चौकट, वर फळ्या आणि वेताच्या विणीचं छप्पर, बाजूंना पण विणलेला कूड, आणि आग लागू नये म्हणून बाहेरून ओली कातडी ताणलेली. रोमन लष्करी लेखक व्हेगेटिउस लांबी १६ फूट देतो, उंची-रुंदी सात-आठ फुटांची. असे मांडव एकापुढे एक लावून त्याखालून सैनिक तटाच्या पायापर्यंत जायचे, वरून दगड बाण काही पडलं तरी निभावून जायचं. इ.स.पू. ५२ मध्ये सीझरने गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, आवारिकुमच्या वेढ्यात हेच वापरले. नाव कशावरून पडलं हे ज्याने द्राक्षाच्या मांडवाखाली वाकून काम केलंय त्याला विचारा.

'व्हिटिस' शब्द वापरल्यामुळे एक माणूस केस हरला होता, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही, गायुस नावाच्या इ.स. दुसऱ्या शतकातल्या कायदेपंडिताने आपल्या पाठ्यपुस्तकात हे उदाहरण दिलंय. झालं असं की कुणीतरी एकाच्या द्राक्षवेली तोडल्या. बागवाल्याने दावा लावला आणि दाव्यात लिहिलं की माझ्या 'व्हिटेस' तोडल्या, व्हिटेस हे अनेकवचन. आणि तो हरला! का, तर रोमचा सगळ्यात जुना लेखी कायदा, बारा पाट्यांचा, परंपरेने इ.स.पू. ४५१-४५० चा, त्यात शब्द होता 'आर्बोरेस', म्हणजे झाडं. बेकायदा तोडलेल्या दर झाडामागे २५ आस (रोमन नाणं) दंड. द्राक्षवेली त्या कलमात बसत होत्या हे सगळ्यांना मान्य होतं, पण दाव्यात शब्द कायद्याचाच पाहिजे, त्याने झाडं म्हणायला हवं होतं, वेली म्हणाला, संपलं.

नुकसान खरं, कायदा बाजूने, आणि तरी एका शब्दापायी माणूस रिकाम्या हाताने घरी. गायुस स्वतःच पुढे सांगतो की असल्या काटेकोरपणामुळे ही जुनी पद्धत हळूहळू लोकांना नकोशी झाली आणि बदलली गेली. सातबाऱ्यावर नाव एका अक्षराने चुकलं म्हणून ज्यांनी हेलपाटे घातलेत त्यांना या बागवाल्याबद्दल वाटेल ते मलाही वाटतं. वेलीला वेलच म्हणणार ना तो, आयुष्य तिच्यात गेलेलं.

पण वेल म्हणजे झाड कसं काय?

रोमन लोक खरंच द्राक्षवेलीला झाडात धरायचे. प्लिनी कारण देतो की वेलींची खोडं फार मोठी व्हायची, पोपुलोनिअम गावात ज्युपिटरची मूर्ती एकाच वेलीच्या लाकडातून केलेली आहे आणि इफिससच्या डायनाच्या देवळावर चढायचा जिना सायप्रसच्या एका वेलीपासून केलाय, असं तो लिहितो. आपल्याकडे बाग पंधरा-वीस वर्षांत काढून टाकतात म्हणून आपल्याला ते पटत नाही. युरोपात शंभर वर्षांच्या पुढच्या वेली आजही फळ देतात.

वेलीचं झाडाशी लग्न लावायचे म्हणे?

शब्द तोच होता, 'मारितारे', लग्न लावणे. तारा-अँगल नव्हते तेव्हा वेल एल्म किंवा पॉप्लरच्या झाडावर चढवायचे, आणि त्याला वेलीचं झाडाशी लग्न म्हणायचे, आधार नसलेली वेल म्हणजे विधवा. कातुल्लुस, होरेस या दोन्ही रोमन कवींच्या कवितेत हे येतं. इटलीत नेपल्सजवळ आवेर्सा भागात आस्प्रिनिओ जातीच्या वेली अजून उंच पॉप्लरवर चढवलेल्या दिसतात, काढणीला लांबच लांब शिडी लावावी लागते, आणि इटालियन लोक अशा वेलीला आजही 'लग्न झालेली वेल' म्हणतात. विधवा शब्द आज आपल्या कानाला बोचतो आणि बोचायलाच हवा, पण त्या काळातल्या बाईकडे आणि वेलीकडे एकाच नजरेने बघितलं जायचं हे त्यातून उघड होतं, झाकण्यात अर्थ नाही.

इटालियनमध्ये 'विते' म्हणजे स्क्रू, हा तोच शब्द का?

तोच! इटालियनमध्ये विते म्हणजे द्राक्षवेल आणि विते म्हणजेच स्क्रू. विमान गिरक्या घेत खाली येतं त्याला पण विते. इथे तणावा बघायला लागतो. द्राक्षाचा तणावा, काही जण बाळी म्हणतात, पानाच्या बरोबर समोरच्या बाजूला फुटतो, टोकाला दोन फाटे असतात, सुरुवातीला हवेत चाचपडत फिरतो आणि तार लागली की तिच्याभोवती वळायला लागतो, एक वेढा, दुसरा, तिसरा, अगदी आटे पाडल्यासारखे. मग वाळून असा टणक होतो की छाटणीच्या वेळी हाताने ओढून सुटत नाही, कात्रीच लावावी लागते. ज्या लोकांनी हे रोज बघितलं त्यांच्यासमोर आट्याचा खिळा आल्यावर त्याला दुसरं काय नाव देणार. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये म्हातारपणावर लिहिताना याच तणाव्याबद्दल म्हटलंय की वेल मुळात पडणारी, आधार नसेल तर जमिनीवर येणारी, पण जे सापडेल त्याला तणाव्यांनी हातांनी धरावं तसं मिठी मारून उभी राहते. इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

फ्रेंचमध्ये हाच शब्द 'विस' झाला, अर्थ स्क्रू. आणि जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला तो व्हाईस म्हणून. म्हणजे आपल्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये टेबलाला ठोकलेला जो बेंच व्हाईस असतो, ज्यात जॉब आवळून कानस मारतात, तो या द्राक्षवेलीचा पणतू आहे. त्यातला स्क्रू फिरवूनच तो आवळतो ना.

मग व्हाईस प्रिन्सिपलमधला व्हाईस?

त्याचा काही संबंध नाही. तो लॅटिन 'विकिस' वरून आलाय, म्हणजे पाळी, जागा, दुसऱ्याच्या जागी असणारा. आणि दुर्गुण, वाईट सवय या अर्थाचा व्हाईस आला 'वितिउम' म्हणजे दोष यावरून. इंग्रजीत तिघे एकाच रुपात येऊन बसलेत एवढंच.

व्हिटिस आणि व्हिटा म्हणजे जीवन, एकच का? व्हिटॅमिन वगैरे?

नाही. व्हिटा वेगळा शब्द, व्हिटॅमिन त्यावरून. पण लोकांची गल्लत जुनी आहे. दारू गाळून जो कडक अर्क निघतो त्याला मध्ययुगात आक्वा व्हिटे म्हणजे जीवनाचं पाणी म्हणायचे, इटालियनमध्ये त्याचं झालं आक्वाविते, आणि तिथे विते म्हणजे वेल असल्यामुळे ऐकणाऱ्याला ते वेलीचं पाणी वाटतं. द्राक्षापासूनच काढतात म्हटल्यावर वाटणारच.

बायबलमध्ये कुठे येतो?

योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय १५. लॅटिनमध्ये 'एगो सुम विटिस वेरा', मी खरी द्राक्षवेल आहे, आणि पिता हा शेतकरी. थोडं पुढे शिष्यांना म्हटलंय तुम्ही पाल्मिटेस, म्हणजे काड्या. फळ न देणारी काडी काढून टाकतो आणि देणारी छाटतो म्हणजे जास्त देईल, असं तिथे आहे. यावर खूप आध्यात्मिक विवेचन होतं, पण ज्याने फळछाटणी केलीय त्याला ते वाक्य पहिल्या वाचनात कळतं. चर्चच्या खांबांवर, वेदीवर, चषकांवर द्राक्षाचे वेल कोरलेले असतात त्याला हा संदर्भ आहे.

शास्त्रीय नावात व्हिटिस कोणी आणला?

स्वीडनच्या वनस्पतीशास्त्रज्ञ लिनिअसने, १७५३ मध्ये. शब्द जुनाच, त्याने प्रजातीचं नाव म्हणून पक्का केला. आपण खातो ती व्हिटिस व्हिनिफेरा, म्हणजे वाईन देणारी. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद ह्या सगळ्या तिच्यातल्याच. या प्रजातीत साठ-सत्तर जाती धरतात आणि त्यातल्या बहुतेक उत्तर अमेरिका आणि पूर्व आशियातल्या आहेत. नावं सोपी असतात: रिपारिया म्हणजे नदीकाठची, रुपेस्ट्रिस म्हणजे खडकातली. लॅब्रुस्काची मात्र गंमत आहे, रोमन लोक इटलीतल्या रानटी वेलीला लाब्रुस्का म्हणायचे आणि लिनिअसने ते नाव अमेरिकेतल्या वेलीला दिलं. बंगलोर ब्लू द्राक्षात या लॅब्रुस्काचं रक्त आहे.

अजून एक, जुन्या वनस्पतींच्या पुस्तकात आपल्या कांडवेलीचं म्हणजे हाडजोडीचं नाव व्हिटिस क्वाड्रँग्युलॅरिस दिसेल. आता ती सिसस प्रजातीत गेलीय, कुळ तेच. जुनं पुस्तक वाचून हाडजोडीला द्राक्षं लागतात का असं विचारू नका, लागतात ती बारीक फळं, खायची नाहीत.

नाशिक-सांगलीच्या बागेत जमिनीखाली वेगळी व्हिटिस असते का?

हो, बऱ्याच बागेत. वर व्हिनिफेरा आणि खाली अमेरिकन. गोष्ट अशी की १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या मुळाशी बसणाऱ्या बारक्या किडीने फ्रान्सच्या आणि मग युरोपभरच्या बागा मारल्या. अमेरिकन जाती त्या किडीबरोबरच वाढलेल्या, त्यांची मुळं टिकतात, म्हणून अमेरिकन मुळावर युरोपियन वेलीचं कलम करायचं हा उपाय निघाला आणि आजतागायत तोच चालू आहे.

महाराष्ट्रात मात्र रूटस्टॉक, म्हणजे कलमाखालचं मुळाचं झाड, आला तो मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे आणि क्षारपड जमिनीमुळे. आधी हे जंगली झाड लावायचं, त्यावर कलम भरायचं. आपल्याकडे डॉगरीज चालतो, तो व्हिटिस चॅम्पिनी, टेक्सासकडचा. दुसरा ११० आर, तो बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचा संकर. म्हणजे तुम्ही दलालाला 'थॉमसनची बाग' सांगता ते फक्त जमिनीच्या वरचं. आणि युरोपात थंडीत वेल झोपते म्हणून वर्षाला एकच छाटणी, आपल्याकडे ती झोपतच नाही म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. कोलुमेल्लासारख्या रोमन शेती-लेखकाने वेलीवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली, पण दोन छाटण्यांचं हे गणित आपल्या शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी बसवलंय, त्याचं कौतुक कमी होतं असं मला मनापासून वाटतं.

घडाची बाळी होते म्हणतात, ते काय?

वेलीत घड आणि तणावा एकाच प्रकारच्या अंकुरातून तयार होतात. अन्नसाठा, ऊन, संजीवकांचा तोल बरोबर असेल तर घड, नाहीतर तणावा. म्हणून ढगाळ हवा, पाऊस, काडीत अन्न कमी असं झालं की आलेला घड जिरतो आणि बाळी होते, आणि वर्षाचं पीक तिथेच जातं. कधी कधी अर्धा घड अर्धी बाळी अशी फूट पण दिसते.

नावात व्हिटिस पण द्राक्षवेल नाही, अशी झाडं आहेत का?

भरपूर. प्लिनीच्या पुस्तकातली व्हिटिस आल्बा, पांढरी वेल, म्हणजे ब्रायोनी, काकडीच्या कुळातली आणि विषारी. क्लेमॅटिस विटाल्बा मधलं विटाल्बा हेच दोन शब्द जोडून झालंय. स्वीडनमध्ये मीटबॉलबरोबर जी लाल आंबट लिंगनबेरी खातात तिचं नाव व्हॅक्सिनिअम व्हिटिस-इडिया, इडा पर्वतावरची वेल, आणि ते चक्क बुटकं झुडूप आहे. आपल्या निर्गुडीच्या नावातलं व्हिटेक्स हे वेगळं, ते व्हिटिस नाही, पण विणायच्या-वळवायच्या त्याच मुळातून आलं असावं असं मानतात.

क्रीमच्या डबीवर 'व्हिटिस व्हिनिफेरा सीड ऑइल' लिहिलंय, काही खास औषध आहे का?

द्राक्षाच्या बियांचं तेल. सौंदर्यप्रसाधनांवर वनस्पतींची नावं लॅटिनमध्ये छापायची पद्धत आहे म्हणून भारी वाटतं. रस किंवा वाईन काढून उरलेल्या चोथ्यातल्या बियांपासून काढतात, हलकं असतं. नावाचे जास्त पैसे देऊ नका.

फोटो एडिटिंगमधलं विनेट याच घरातलं का?

हो, फ्रेंच विन्येत म्हणजे छोटी वेल, विनेआवरून. जुन्या पुस्तकांत पानाच्या कडेने द्राक्षवेलीची नक्षी काढायचे तिला हे नाव, मग कडेला विरत जाणाऱ्या चित्राला, मग फोटोला.

लॅटिन शिकतोय, व्हिटिसचं व्याकरण?

स्त्रीलिंगी, तिसरा गण. षष्ठी एकवचन पण वीतिसच, अनेकवचन वीतेस, आणि षष्ठी अनेकवचन 'वीतिउम'. इथे फसायला होतं, कारण दोष या अर्थाचा वितिउम लिहायला अगदी सारखा, फक्त पहिला स्वर तिथे ऱ्हस्व आणि इथे दीर्घ, आणि छापील पुस्तकात ते बहुतेक वेळा दाखवत नाहीत. होरेसच्या वेलीच्या लग्नाच्या ओळीत 'वितिउम' असंच छापलेलं आहे, तिथे दोष असा अर्थ लावलात तर पॉप्लरशी लग्न दोषांचं लागेल. शेजारचा शब्द बघा, 'प्रोपागिने' म्हणजे दाब कलम, जमिनीत दाबून मुळं फोडलेली फांदी. ती दोषांची नसते, वेलींची असते.